पेपर सुटल्यावर पोरांना बोलू द्या



मार्च महिना आला की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक सूचना हमखास फिरते. झालेल्या पेपरावर मुलांनी चर्चा करू नये, उत्तरं ताडून पाहू नयेत, पुढच्या पेपराकडे लक्ष द्यावं. खाली वीस-पंचवीस जणी हात जोडतात. आणि याच बाया शाळेच्या फाटकाशी उभ्या राहून मुलांच्या हातातली प्रश्नपत्रिका ओढून घेतात, हे मी दरवर्षी बघते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पोरांना बोलू द्या, गप्प आपण बसू या.

यंदा दहावीचा भूमितीचा पेपर सुटल्यावर माझी नात तीन मैत्रिणींना घेऊन घरी आली. मी पोहे केले होते, बिनकांद्याचे. त्यावर नेहमीची थट्टा झाली, पण लक्ष कुणाचंच नव्हतं. वाद चालला होता एका शिरोलंबावरून. आकडे मी सोपे करून सांगते. काटकोन त्रिकोणाच्या काटकोनाच्या बाजू १५ आणि २०, तर कर्णावरचा शिरोलंब किती? कर्ण २५, इथपर्यंत चौघींचं एकमत. पुढे एकीने क्षेत्रफळावरून काढलं, १५ गुणिले २० भागिले २५, उत्तर १२. दुसरीने समरूप त्रिकोण घेतले, तिचंही १२. नातीने कर्णाचे ९ आणि १६ असे तुकडे काढून भूमितीमध्याचं प्रमेय लावलं, पुन्हा १२. चौथीचं उत्तर साडेबारा.

तिचा चेहरा उतरला. पण बाकीच्या तिघींपैकी एकही 'गेले तुझे मार्क' असं म्हणाली नाही. त्यांनी विचारलं, "तू काढलंस कसं?" ती म्हणाली, "कर्णाच्या निम्मं." नात ओरडलीच, "अगं, ती माध्यिका!" काटकोनातून कर्णावर काढलेली माध्यिका कर्णाच्या निम्मी असते, म्हणजे पोरीने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अगदी बरोबर दिलं होतं! मग एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन्ही रेषा काढल्या गेल्या. शिरोलंब हे सगळ्यात कमी अंतर, मग ते माध्यिकेपेक्षा जास्त कसं असेल, हे तिचं तिलाच दिसलं आणि ती हसली. वर्षभर क्लासला पैसे मोजून जे झालं नव्हतं ते पोह्यांच्या बशा निवेपर्यंत झालं. हीच ती चर्चा, जी करू नये म्हणून आपण हात जोडतो.

प्रवचनात अनेकांत ऐकून माझं आयुष्य गेलं. एका उत्तराकडे जाणाऱ्या तीन वाटा त्या पत्रिकेवर स्पष्ट दिसल्या. मात्र साडेबाराला शिरोलंब म्हणता येत नाही. अनेकांत म्हणजे सगळीच उत्तरं बरोबर, असा सोयीचा अर्थ काढणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

आपल्या महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, गणितसारसंग्रह लिहिला. केवढा मोठा गणिती! पण संख्येला शून्याने भागलं तर ती तशीच राहते, असं त्यांनी लिहिलं, आणि ते चूक होतं. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला खहर म्हटलं आणि ती अनंत मानली. आजचं गणित तेही जसंच्या तसं घेत नाही. आधीच्याचं उत्तर पुढच्याने ताडून पाहिलं नसतं तर गणित तिथेच थांबलं असतं. महावीराचार्यांचा मान त्याने कमी झाला नाही.

'झालं ते झालं, मागे बघू नये' हे मला तर जैन घरात शोभतच नाही. आपण संध्याकाळी देवसी आणि सकाळी राई प्रतिक्रमण करतो, ते मागे बघणं नाही तर काय? फक्त तिथे अतिचार आपले आपण आठवायचे असतात. शेजारणीचे कुणी मोजत नाही, आणि वही घेऊन समोर बसणारंही कुणी नसतं.

ज्याला बोलायचं नसेल त्याला अर्थातच सोडा. काही मुलं खरंच हळवी असतात आणि पुढचा पेपर एका दिवसावर असतो.

आता मोजणाऱ्यांविषयी. भूमितीचा पेपर ४० गुणांचा, त्यात तीन-चार गुणांच्या उदाहरणांत पायऱ्यांना गुण असतात. शेवटचा आकडा चुकला म्हणून सगळे गुण जात नाहीत आणि आकडा जुळला म्हणून सगळे मिळतात असंही नाही. मग फाटकाशी उभं राहून केलेली बेरीज कसली? मी बीकॉम आहे. तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर, असं आम्हाला कुणी शिकवलं नाही. एक चूक दुसरीला झाकते आणि दोन्ही बाजू झकास जुळतात. कुठल्याशा क्लासची उत्तरसूची ग्रुपवर येते, चार घरी तीच पोचते, आणि चौघींची उत्तरं जुळली म्हणून चौघी खूश.

हे मी शहाणपणाने सांगते आहे असं समजू नका. माझ्या मुलाच्या दहावीला शाळेच्या फाटकाशी लाल पेन घेऊन मीच उभी होते. तिथेच, इतर मुलांसमोर, त्याचे सहा गुण कापले. त्या रात्री तो जेवला नाही आणि पुढच्या विज्ञानाच्या पेपरात पाठीमागचं अख्खं पान सोडून आला. निकाल लागला तेव्हा गणितात माझ्या बेरजेपेक्षा चार गुण जास्त होते. हिशेब चुकला होता तो माझा. त्यानंतर बारावी होईपर्यंत त्याने मला एकही प्रश्नपत्रिका दाखवली नाही. संवत्सरीला मी त्याला मिच्छामि दुक्कडं म्हणते तेव्हा माझ्या मनात तो लाल पेन असतो. त्याला ते ठाऊक आहे की नाही, हे मी कधी विचारलेलं नाही.

तर त्या दुपारी पत्रिकेवर तिसरा त्रिकोण चालू असताना साडेबारावालीचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "कितीचं सोडवलं? कितीचं चुकलं?" पोरीची पेन्सिल थांबली. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "ताई, ती पोहे खातेय. तासाभराने पाठवते."