शेवटची सहामाही

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये तो सेमिस्टर पद्धतीने आखला आणि आठवे सेमिस्टर इंटर्नशिपला दिले. बावीस आठवडे विद्यार्थी मेडिसिन-सर्जरी, बालरोग, मानसोपचार, प्रसूती आणि सामुदायिक आरोग्य अशा विभागांत फिरतात. वर्ग संपतात, ड्यूटी सुरू होते.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही ड्यूटी कारखान्यांच्या शिफ्टला बांधलेली असते. भोसरी, तळवडे, चाकणच्या प्रेस शॉपमधून रात्री-अपरात्री हाताच्या जखमा येतात. तुटलेले बोट अनेकदा रसवंतीवरून आणलेल्या बर्फात थेट बुडवून आणले जाते, आणि नेमके तेच घातक ठरते. बर्फ थेट लागला की पेशी मरतात. तुकडा सलाइनने हलकेच धुवायचा, सलाइनमध्ये ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचे आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे असे थंड ठेवलेले बोट बरेच तास जोडण्याजोगे राहते. मनगटाच्या वरून तुटलेल्या हाताला एवढी सवड नसते. हे प्रत्येक प्रेस शॉपच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असायला हवे. कॅज्युअल्टीत पोहोचेपर्यंत पहिली चूक होऊन गेलेली असते.

अशा रुग्णाजवळ बहुधा इंटर्नच उभी असते. हात उंच धरून ठेवणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, नोंदी आणि ओडिशाहून आलेल्या, घाबरलेल्या कंत्राटी कामगाराकडून तुटक हिंदीत ईएसआयचा नंबर काढून घेणे, सगळे तिच्याकडे येते. ती हे करू शकते. पण शिकवणारे कोणी शेजारी असले तरच त्याला शिक्षण म्हणता येते. दिवसा कॉलेजच्या मॅडम राउंडला येतात. रात्री वॉर्डमधल्या एकट्या स्टाफ सिस्टरला इंटर्नला शिकवायला उसंत नसते. मनुष्यबळ कमी म्हणून विद्यार्थ्यांवर वॉर्ड चालवणे हा विद्यार्थी आणि रुग्ण दोघांवरही अन्याय आहे. नाइटला क्लिनिकल इन्स्ट्रक्टर नेमणे कॉलेजांना अवघड नाही.

अंतिम निकाल महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून लागतो. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. त्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. पुढचा प्रश्न पगाराचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांसाठीही दरमहा किमान २०,००० रुपयांची शिफारस केली आणि दोनशेहून अधिक खाटा असल्यास सरकारी परिचारिकेइतके वेतन सुचवले. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. त्यामुळे पहिली नोकरी धरताना नियुक्तिपत्र, पगाराचा आकडा आणि बॉन्डची अट लेखी मागून घ्यावी आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.