पेन डॉक्टरांचं, हात कुणाचा?



साधी सर्दी, घसा खवखवतोय, अंगात कणकण. दवाखान्यात नंबर लावला, दोन मिनिटांत तपासणी झाली आणि हातात चिठ्ठी आली: अझिथ्रोमायसिन ५००, रोज एक, तीन दिवस. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही, हे एमबीबीएस करतानाच शिकवतात. तरीही गोळी लिहिली जाते.

का, ते डॉक्टरांच्या टेबलावर दिसेल. कॅलेंडर औषध कंपनीचं, डायरी कंपनीची, पेनावर ब्रँडचं नाव. बाहेर बाकावर पेशंटांच्या रांगेत बॅग मांडीवर घेऊन कंपनीचा प्रतिनिधी (एमआर) बसलेला. आत पेशंट म्हणतो, "डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या, उद्या कामावर जायचंय." नाही दिलं तर तो समोरच्या दवाखान्यात जाईल, ही धास्ती डॉक्टरांना असतेच. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता आणली आणि भेटवस्तूंना मनाई केली. पण एक हजार रुपयांपर्यंतची कॅलेंडरं, डायऱ्या चालतात! कंपन्या या वस्तू हौसेपोटी वाटत नाहीत. लिहिणाऱ्या हाताला रोज थोडंसं ढकललं की वर्षाचा धंदा होतो, हे त्यांना पक्कं कळलंय.

सरकार काय करतं? फतवे काढतं. मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झालं आणि ठरावीक औषधांसाठी मेडिकलवाल्यांना वेगळं रजिस्टर बंधनकारक झालं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी पत्र लिहून सांगितलं की अँटिबायोटिक देताना त्याचं कारण चिठ्ठीवर लिहा. वाचकहो, घरातली फाइल काढा आणि तुमच्या किती चिठ्ठ्यांवर असं कारण लिहिलंय ते मोजा.

ज्या रीतीने कंपन्या डॉक्टरांचं मन वळवतात, त्याच रीतीने रुग्णाच्या बाजूनेही ते वळवता येतं. हे करून पाहिलेलं आहे. २०१४ मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचं एक पत्र भरमसाट अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना गेलं. मजकूर साधा होता: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. दंड नाही, नोटीस नाही, पेपरात नाव नाही. सहा महिन्यांत अँटिबायोटिकच्या सुमारे ७३ हजार चिठ्ठ्या कमी लिहिल्या गेल्या. लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरांनी 'विनाकारण अँटिबायोटिक देणार नाही' असं पोस्टर स्वतःच्या फोटो-सहीनिशी तपासणीच्या खोलीत लावलं. पोस्टर नसलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत शंभरामागे जवळपास २० अनावश्यक चिठ्ठ्यांचा फरक पडला.

बॉस्टन आणि लॉस एंजेलिसमधल्या ४७ दवाखान्यांतला प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. त्यातल्या काही दवाखान्यांत अँटिबायोटिक लिहिताना कारण नोंदवायला लावलं, तेव्हा तिथल्या अनावश्यक चिठ्ठ्या २३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. कोणताच उपाय न केलेल्या दवाखान्यांतही घट झाली, पण ती १३ टक्क्यांपाशी थांबली. काही ठिकाणी संगणकाने अँटिबायोटिकऐवजी नुसते दुसरे पर्याय सुचवले, त्याचा मात्र ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे डॉक्टरांना ज्ञान कमी पडत नव्हतं. आपल्या नोंदीखाली आपलं नाव राहणार, ती चार सहकारी वाचणार, या जाणिवेने हात आवरला.

काही डॉक्टर म्हणतील, हा आमच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. कसला घाला? पेन तुमच्याच हातात आहे. न्यूमोनिया असेल तर 'न्यूमोनिया' लिहा आणि खुशाल औषध द्या. तो एक शब्द लिहिताना अडखळायला झालं, तर गोळीची गरज होती का, हे तुमचं तुम्हालाच कळेल. कुणी म्हणेल, आमच्याकडे इंग्लंडसारखी आकडेवारी कुठे आहे? खासगी दवाखान्यांची नाही, हे खरं. पण सरकारी, महापालिकेच्या आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत नोंदी होतात. तिथून सुरुवात करा!

आमच्या मागण्या:

१. अँटिबायोटिकच्या प्रत्येक चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असावं. सरकारी केसपेपरवर त्यासाठी वेगळी चौकट छापा. रिकामी चौकट सगळ्यांना दिसते.

२. सरकारी आणि महापालिकेच्या डॉक्टरांना दर सहा महिन्यांनी त्यांचं प्रमाण आणि सहकाऱ्यांचं प्रमाण कळवणारं खासगी पत्र जावं. त्यावर कारकुनाचा शिक्का नको. ज्यांचा शब्द डॉक्टर मानतात अशा ज्येष्ठांची सही हवी. एकदा पत्र धाडून थांबू नका. पाठपुरावा सुटला की जुनी सवय परत येते.

३. प्रत्येक दवाखान्यात डॉक्टरांच्या सहीचं मराठी पोस्टर लागावं. "स्ट्राँग द्या" म्हणणाऱ्या पेशंटला ते आधीच उत्तर देईल.

४. सरकारी दवाखान्यांच्या टेबलांवरून कंपन्यांची कॅलेंडरं, पेनं आणि पॅड हटवा.

आणि नागरिकांनो, आपलंही काम आहे. चिठ्ठी हातात आली की विचारा, "डॉक्टर, यात अँटिबायोटिक आहे का? कशासाठी?" पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या घेऊ नका, शेजाऱ्याला उरलेल्या देऊ नका.

हे पत्रक वाचून झाल्यावर दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून या.

कारण लिहा! सही करा! हिशेब दाखवा!

आपलेच,
काही रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक