फास्टर फेणे आणि सोसायटीचं गेट

वाढदिवसाला पुस्तकं भेट देणाऱ्या नातेवाइकांबद्दल लहानपणी माझं मत फारसं चांगलं नव्हतं. पुडकं सोडावं आणि आतून थोर पुरुषांच्या चरित्रांचा संच निघावा, हा अनुभव मी लागोपाठ तीन वर्षं घेतला आहे. पुडक्याच्या आकारावरूनच आत बॅट नाही हे दिसत असे. पण आशा आकार पाहत नाही.

आता मीही त्याच पंथात सामील झालो आहे. गेल्या वर्षी कन्येच्या अकराव्या वाढदिवसाला मी तिला फास्टर फेणेच्या पुस्तकांचा संच आणून दिला. नुसता दिला नाही, तर वर एक छोटंसं भाषणही केलं. ''ही नुसती पुस्तकं नाहीत, हे माझं बालपण आहे,'' असं काहीतरी मी बोलून गेलो. कन्या ''थँक्यू बाबा'' म्हणाली आणि माझं बालपण तिनं शोकेसमध्ये, काचेच्या हत्तीच्या मागे ठेवून दिलं. बँकेत एखाद्या खात्यावर दोन वर्षं काही व्यवहार झाला नाही तर ते 'निष्क्रिय खातं' ठरतं. माझं बालपण दोन महिन्यांतच त्या वर्गात जमा झालं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी हे दुःख ऑफिसात मांडलं. तेव्हा कळलं, की प्रत्येकाच्या घरी असा एकेक हत्ती आहे आणि त्याच्यामागे एकेक बालपण आहे. मग सर्वांनी मिळून एकमुखानं निकाल दिला : ''आजकालची मुलं वाचतच नाहीत!'' निकाल लागला, डबे धुतले गेले, काउंटर उघडले. आरोपीला काही विचारावं, असं कोणालाही वाटलं नाही.

माझं भांडण या निकालाशी आहे. पुस्तकं धूळ खात पडली आहेत, हे मान्य. गुन्हा घडला आहे. पण आपण पकडलाय तो भलताच माणूस. रहस्यकथा वाचून वाढलेल्या पिढीनं निदान एवढी चूक करायला नको होती.

आता मागचा तपशील पाहू. आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या लहानपणी बाबुराव अर्नाळकरांचं राज्य होतं. झुंजार आणि काळा पहाड या दोघांनी त्या काळच्या किती मुलांचं गणित कच्चं ठेवलं, याचा हिशेब कोणी केलेला नाही. नाना भूमितीच्या पुस्तकात झुंजार लपवून वाचत. एकदा आजोबांनी पकडलं. पाठीत दोन रट्टे घातले आणि पुस्तक बंबात टाकलं. शेवटची आठ पानं राहिली होती. खुनी कोण, ते नानांना आजतागायत कळलेलं नाही. तरीसुद्धा वयाच्या शहात्तराव्या वर्षी ते हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळतो, की आजोबांनी त्यांना रट्टे नव्हे, पेढे दिले असावेत असं वाटतं.

आपण भोगलं ते मुलाला नको, म्हणून नानांनी मला भा. रा. भागवत आणून दिले. भागवतांनी (जन्म १९१०, निधन २००१) आम्हां मुलांवर जे उपकार केले, त्यांना तोड नाही. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला, मुलांसाठी 'बालमित्र' हे मासिक चालवलं, आणि मुख्य म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे नावाचा एक काटकुळा पोरगा पुण्याला शिकायला आणून सोडला. साहसं ही फक्त साहेबाच्या पोरांना इंग्लंडातल्या बेटांवर करता येतात, हा समज त्या पोरानं मोडला. त्याचं ते 'ट्टॉक्' आमच्या वर्गात इतकं माजलं होतं, की एकदा मास्तरांनी सगळ्या बाकाला उभं केलं आणि सगळा बाक उभ्याउभ्या 'ट्टॉक्' करत राहिला. १९८७ साली दूरदर्शनवर त्याची मालिका आली. सुमीत राघवन त्यात फास्टर फेणे झाला होता. मालिका संपली की आम्ही सायकली काढत असू आणि दिवेलागणीपर्यंत गावातल्या एकूण एक निरपराध माणसांवर पाळत ठेवत असू. आमच्या यादीत पोस्टमनही होता. तो रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं जातो, हे आम्हांला फार संशयास्पद वाटे.

मग ही गंमत माझ्यापर्यंत आली आणि पुढे का सरकेना? तज्ज्ञ सांगतात, भाषा जुनी झाली. याचं उत्तर इंग्रजांनी देऊन ठेवलं आहे. एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'ची भाषा आजच्या मुलांना कळत नाही, असं ठरवून तिच्या प्रकाशकांनी २०१० साली त्या पुस्तकांतले जुने शब्द काढून नवे घातले. सहा वर्षांनी, २०१६ साली, हा प्रयोग जमला नाही अशी कबुली देऊन त्यांनी मूळचे शब्द परत आणले. मला विचारलं असतं तर मी सहा वर्षं आधीच सांगितलं असतं. त्या पुस्तकांतली मुलं सारखी जिंजर बियर पितात. ती मी जन्मात पाहिली नव्हती. सर्दीवर आजी देते तो आल्याचा काढा गोऱ्या मुलांना फेसाळ मिळत असावा, अशी माझी समजूत होती. त्यामुळे त्यांचा खजिना सापडायचा काही राहिला नाही. अडलेल्या शब्दावरून पोरं उडी मारून जातात. पाय अडकतो तो मोठ्यांचा.

दुसरे तज्ज्ञ म्हणतात, मोबाइल. मोबाइलचा दोष आहेच. पण आमच्या काळी तोच दोष टीव्हीचा होता, आणि त्याच टीव्हीनं फास्टर फेणे घरोघर नेला हे मी आत्ताच सांगितलं.

खरा उलगडा एका रविवारी दुपारी झाला. वीज गेली. तिच्याबरोबर वाय-फाय गेलं. कन्येनं घरातल्या सगळ्या भिंती दोनदा पाहून घेतल्या आणि नाइलाजानं हत्तीच्या मागे हात घातला. चार वाजता वीज आली, तरी ती उठली नाही. मी सौभाग्यवतींना डोळ्यांनी खुणा करून करून थकलो. रात्री जेवताना मी सहज विचारावं तसं विचारलं, ''काय, कसं वाटलं?''

आता ती म्हणणार 'भारी', या अपेक्षेनं मी आमटीचा भुरकाही लांबवला होता. ती म्हणाली, ''बाबा, याला एकट्याला कसं काय जाऊ देतात?''

''कुठे?''

''कुठेही!''

मी घास गिळला. ती भाषेबद्दल बोलत नव्हती, चोरांबद्दल बोलत नव्हती. अकरा वर्षांच्या त्या पोरीला सगळ्या पुस्तकात अविश्वसनीय वाटली होती ती एकच गोष्ट : मुलगा सायकल काढतो आणि जातो.

मग मी रात्रभर मनातल्या मनात सगळी जुनी पुस्तकं उलगडून पाहिली. पाहतो तो काय, यच्चयावत लेखकांनी पहिल्या दहा पानांत एकच काम उरकलेलं! मोठ्या माणसांना वाटेतून दूर करणं. 'फेमस फाइव्ह'च्या १९४२ सालच्या पहिल्याच पुस्तकात मुलांचे आईवडील स्कॉटलंडला जातात आणि मुलांना काकांकडे धाडतात. ते काका शास्त्रज्ञ. त्यांना पोरांचा आवाजसुद्धा खपत नाही. हार्डी बंधूंचे वडील स्वतःच डिटेक्टिव्ह, त्यामुळे कामगिरीवर बाहेरगावी. 'थ्री इन्व्हेस्टिगेटर्स' या तीन पोरांचं ऑफिस तर भंगाराच्या ढिगाखाली गाडलेल्या गाडीत, म्हणजे घरच्यांना पत्ताच नाही. खजिना, भुयार, चोरटे ही सगळी नंतरची सजावट. पुस्तकातलं खरं रहस्य हे, की दुपारभर तुम्ही कुठे आहात ते कोणी विचारत नाही!

आणि आपण काय करतो? फास्टर फेणे विकत आणतो, त्याला कव्हर घालतो, ''वाच, आमच्या वेळी काय मजा होती बघ,'' म्हणतो आणि मुलगी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाली तर गेटपाशी आडवे होतो. उपाशी माणसाच्या हातात पाकक्रियेचं पुस्तक द्यावं आणि स्वयंपाकघराला कुलूप लावावं, तसलाच हा प्रकार. त्यानं ते पुस्तक मिटून ठेवलं तर आपण म्हणणार, आजकालच्या लोकांना भूकच नाही.

तुम्ही म्हणाल, दिवस वाईट आहेत. खरं आहे. रस्त्यावर गाड्या किती वाढल्या, ते मला सांगू नका. त्यांतल्या कित्येकांच्या कर्जाचे कागद माझ्याच टेबलावरून गेले आहेत. भीती खोटी नाही. पण विमानचोर पकडायला पाठवा असं मी कुठे म्हणतो? वाचनालय आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. मोठा रस्ता एकच. तिथे सिग्नल आहे, आणि सिग्नलला कधीकधी पोलीसही असतो.

हे सगळं युक्तिवादाला ठीक होतं. पण पुढच्या शनिवारी कन्या म्हणाली, ''मी वाचनालयात एकटी जाऊ?'' तेव्हा या झुंजार लेखकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ते असं : ''अगं, मुलीच्या जातीला...''

सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ''अहो, अकराव्या वर्षी मी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन एकटी गिरणीत जात होते. मीही मुलीचीच जात होते.''

'फेमस फाइव्ह'मधली जॉर्जिना स्वतःला जॉर्ज म्हणवून घेते, जॉर्जिना म्हटलं तर ओ देत नाही. मला लहानपणी तो तिचा हट्ट वाटायचा. वाक्य अर्धं तोंडात धरून मी उभा होतो, तेव्हा तिचं कारण मला पस्तीस वर्षं उशिरा समजलं. मी म्हणालो, ''जा.''

ती गेली. मी दोन मिनिटं थांबलो आणि पायांत चपला सरकवून मागे निघालो. झाडाआड, रिक्षाआड, फळांच्या गाडीआड दडत मी तिचा पाठलाग केला. सिग्नलपाशी ती उभी राहिली, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. एवढं मी स्वतः उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. ती पलीकडे गेली. वाचनालयात गेली. मी समोरच्या रसवंतीच्या खांबामागे उभा राहिलो. रसवाला माझ्याकडे, आम्ही पोस्टमनकडे पाहायचो तसा पाहू लागला.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली, सरळ खांबापाशी आली आणि म्हणाली, ''बाबा, तू एका पायात आईची चप्पल घातली आहेस. पहिल्याच गल्लीत दिसली मला. मी मुद्दाम वळून बघितलं नाही.''

मी खाली पाहिलं. खरोखरच एक काळी होती, एक जांभळी. एवढ्या वर्षांच्या वाचनानंतर मी पकडला गेलो होतो, आणि पकडणारीनं तोपर्यंत फक्त एक पुस्तक वाचलं होतं.

''उद्या पुन्हा येणार आहे मी,'' ती पुस्तक छातीशी धरून म्हणाली, ''पण तू यायचं नाहीस.''

तेव्हा माझ्या पंथातल्या तमाम बंधुभगिनींना माझं सांगणं एवढंच आहे. मुलांना ही पुस्तकं जरूर द्या. देताना भाषण करू नका, बोध विचारू नका आणि शेवट सांगू नका. पण आधी गेट उघडा. चार गल्ल्या तरी त्यांना त्यांच्या त्यांनी चालू द्या. ते जमणार नसेल तर पुस्तकांचे पैसे वाचवा आणि तेवढ्याचा आणखी एक काचेचा हत्ती घेऊन टाका. शोकेसमध्ये शोभेल.

संच हल्ली हत्तीमागे नसतो. नाना एकेक पुस्तक नेऊन वाचतात, आणि मी खोलीत शिरलो की उगाचच उशीखाली सारतात.