शंकासमाधान म्हणजे समीक्षा नव्हे

मराठीत विज्ञानकादंबरीच्या लेखकाला वाचकांसमोर आणून बसवले की चर्चेऐवजी वर्ग भरतो. वाचक उठून विचारतो, 'हे खरोखर शक्य आहे का?' लेखक शिक्षकाच्या सौजन्याने सांगतो की अमुक गोष्ट शक्य आहे, तमुक गोष्ट आजच्या भौतिकशास्त्राच्या नियमांत बसत नाही. आणखी दोन-तीन शंका विचारल्या जातात, त्यांचे निरसन होते, आभारप्रदर्शन होते. ज्या कादंबरीसाठी ही मंडळी जमली ती टेबलावर पुष्पगुच्छाशेजारी तशीच पडून राहते. तिच्यातील निवेदक कोण आहे, ती कुणाच्या बाजूने बोलते, कुणाला बोलू देत नाही, यांपैकी एकही प्रश्न सभागृहात उमटत नाही. या व्यवहाराला आपण 'लेखक-वाचक संवाद' असे भारदस्त नाव दिले आहे. वस्तुतः हे शंकासमाधान आहे, आणि मराठी विज्ञानकादंबरीचे साहित्य म्हणून वाचन न होण्यास ही रीत मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

या स्थितीचा दोष एकट्या लेखकाच्या किंवा भाबड्या वाचकाच्या माथी मारता येणार नाही. त्यात तीन पक्ष गुंतलेले आहेत. पहिला पक्ष विज्ञानप्रसारकांचा. कथा हे विज्ञान पोचवण्याचे वाहन आहे असे त्यांनी एकदा ठरवले, की वाहनातून माल सुखरूप उतरला की नाही एवढेच तपासायचे उरते. दुसरा पक्ष प्रस्थापित समीक्षेचा. विज्ञानकादंबरीला 'रंजक' किंवा 'उद्बोधक' या दोन खणांपैकी एकात टाकून ही समीक्षा आपल्या नेहमीच्या कामाला लागते. तिसरा पक्ष आपल्या विद्यापीठीय वर्तुळाचा, आणि त्याची विसंगती सर्वांत मोठी. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली मांडलेला लेखकाच्या हेतूविषयीचा हेत्वाभास आपण पदव्युत्तर वर्गांत शिकवतो, रोलाँ बार्थने १९६७-६८ साली घोषित केलेला लेखकाचा मृत्यू परीक्षेत हमखास विचारतो. आणि संध्याकाळी त्याच मृत लेखकाला हार घालून 'यातून आपल्याला काय सांगायचे होते?' असे विचारतो. कवितेच्या बाबतीत ज्या प्रश्नाची आपल्याला लाज वाटते, तो विज्ञानकादंबरीच्या बाबतीत आपण निःसंकोच विचारतो. कवीचा अधिकार आपण नाकारलेला असतो. वैज्ञानिकाचा अधिकार नाकारण्याचे धैर्य आपल्यात नसते.

जयंत नारळीकरांच्या लेखनाच्या संदर्भात हे विशेष स्पष्ट दिसते. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग जगताप म्हणजे नारळीकर हे उघड झाले. हा प्रसंग आजवर एक गमतीदार आठवण म्हणूनच सांगितला जातो. त्याचा सैद्धांतिक अर्थ मात्र गंभीर आहे. जगप्रसिद्ध खगोलभौतिकीतज्ज्ञाने आपल्या संहितेवरून आपलाच अधिकार स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला आणि ती निनावी परीक्षकांच्या स्वाधीन केली. कथेला स्वतःच्या पायांवर उभे राहता येते का, हे त्यांना पाहायचे होते. नारळीकरांच्या संहितेला असे निखळ वाचन जवळपास एकदाच लाभले. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' ही पुस्तके आली ती नारळीकरांची म्हणून, आणि वाचली गेली तीही नारळीकरांची म्हणून. लेखकाने जो अधिकार सोडून दाखवला होता तो वाचकांनी आणि समीक्षकांनी त्याला परत नेऊन दिला.

येथे एक आक्षेप संभवतो. नारळीकरांनी स्वतःच आयुष्यभर प्रश्नोत्तराची परंपरा जोपासली, हे खरे आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून ते परत पाठवत. व्यक्तिपूजेचे जिज्ञासेत रूपांतर करणारी इतकी सुंदर युक्ती आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच आढळेल. पण पोस्टकार्डावरचा प्रश्न निसर्गाविषयीचा असतो आणि त्याचे उत्तर जाणकाराकडेच मागावे लागते. कादंबरीविषयीचा प्रश्न असा एकतर्फी नसतो. तारा का लुकलुकतो हे वाचकाला ठाऊक नसते. कादंबरी वाचताना आपल्या मनात काय घडले हे मात्र त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. पोस्टकार्डाची शिस्त कादंबरीच्या चर्चेला लावणे म्हणजे ज्याच्याजवळ साक्ष आहे त्याला विद्यार्थी करणे होय.

हे विवेचन अमूर्त राहू नये म्हणून एक कादंबरी आणि एक प्रदेश समोर ठेवू. कादंबरी 'वामन परत न आला' (१९८६). प्रदेश पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा. कादंबरीत भूगर्भात सापडलेल्या एका प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ज्ञानाच्या आधारे वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो, आणि आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची त्याची आकांक्षा मानवापुढे संकट म्हणून उभी राहते. आपल्या नेहमीच्या कार्यक्रमात या कादंबरीविषयी काय विचारले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. स्वतःची प्रतिकृती निर्माण करणारे यंत्र शक्य आहे का? इतक्या प्राचीन काळी प्रगत संस्कृती असू शकेल का? प्रश्न चुकीचे नाहीत, पण कादंबरी त्यांच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही.

आता हीच कादंबरी या पट्ट्यात वाचली जाते अशी कल्पना करू. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे टेल्को आणि बजाज आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या परिसरात औद्योगिक विकास महामंडळाने टप्प्याटप्प्याने शेतजमिनी संपादित केल्या आणि मोटारींचे कारखाने उभे राहिले. आज तेथील कारखान्यांत वेल्डिंग आणि रंगकाम यांसारखी कामे यंत्रमानव करतात. म्हणजे ज्या वाचकासाठी यंत्रमानव ही भविष्यातील कल्पना नसून पाळीतला शेजारी आहे, असा वाचक मराठीत आज अस्तित्वात आहे. यंत्रमानव शक्य आहे का, हे तो विचारणार नाही. त्याचे प्रश्न वेगळे असतील. हा यंत्रमानव कुणाच्या मालकीचा? तो बिघडला तर दुरुस्त कोण करतो? त्याला थांबवण्याचे बटण कुणाच्या हाताशी असते? ज्यांचे काम तो करणार आहे, त्यांना या कादंबरीत किती जागा आहे? यांतील शेवटचा प्रश्न तर थेट कादंबरीच्या निवेदनतंत्राला आणि मूल्यदृष्टीला भिडणारा आहे. शास्त्रज्ञांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या कथनात बाकीचा समाज कोणत्या रूपाने येतो, याची तपासणी त्यातून सुरू होते. वर्गातल्या शंकेतून ती सुरू झाली नसती.

शब्दाकडे पाहा. 'रोबो' हा शब्द कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे सक्तीची चाकरी, आपल्याकडची वेठ. मराठीने त्याचा 'यंत्रमानव' केला आणि वेठ अदृश्य झाली. उरले फक्त मानवसाम्य. त्यामुळे 'यंत्र माणसासारखे होईल का?' हा तात्त्विक प्रश्न आपल्याला चटकन सुचतो आणि 'कुणाची वेठ कुणाच्या माथी?' हा श्रमाचा प्रश्न सुचत नाही. चापेकच्या नाटकातही यंत्रमानवांची नवी पिढी निर्माण करण्याचे रहस्य हाच कळीचा पेच आहे. नारळीकरांची कादंबरी त्या नाटकाशेजारी ठेवून वाचली, तर तिच्या प्रकाशनकाळाचेही भान येते. १९८० च्या दशकात बँका आणि विमा क्षेत्रांतील कर्मचारी संघटना संगणकीकरणाला विरोध करीत होत्या. त्या वातावरणात मराठीत वामन अवतरला, ही गोष्ट शंकासमाधानाच्या चौकटीत कधी चर्चेलाच येत नाही.

नावाचा प्रश्न याहूनही खोल आहे. वामन हे नाव महाराष्ट्रात निरपराध नाही. दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणणाऱ्या समाजात बळी हा शेतकऱ्यांचा राजा आहे. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी त्या कथेचा सारा न्यायच उलटा केला. लहानशा रूपाने दारात येऊन तीन पावले जमीन मागणारा आणि सारेच व्यापून टाकणारा वामन ज्यांच्या शेतीवर कारखाना उभा राहिला त्यांना कसा दिसेल? यंत्राला हे नाव देताना नारळीकरांच्या मनात बळीची ही बाजू होती काय, असा प्रश्न लेखकाला विचारता आला असता. त्यांनी 'नाही' म्हटले असते तरी हा अर्थ रद्द झाला नसता, कारण तो लेखकाच्या मनातून आलेला नसून नावाच्या सामाजिक इतिहासातून आलेला आहे. दात्याने आपणहून दिलेल्या दानातून दात्याचाच पाताळवास ओढवणे हा पुराणकथेचा सांगाडा कादंबरीच्या रचनेत उपस्थित आहे: माणूस ज्ञान देतो, सामर्थ्य देतो, आणि दिलेले परत घेता येईल का या चिंतेत पडतो. म्हणून हा अन्वयार्थ मनमानी ठरत नाही. संहिता त्याला आधार देते, आणि जेथे ती आधार देत नाही तेथे ती त्याला अडवतेही. वामन परत न येण्यात सुटका कुणाची, बळीची की बळीचे राज्य आधीच वाटून घेतलेल्यांची, या प्रश्नावर दोन वाचकांचे भांडण होऊ शकते. ते व्हायला हवे. असे भांडण हीच समीक्षेची सुरुवात असते.

विज्ञानाची कसोटी सोडली तर विज्ञानकादंबरी आणि जादूची गोष्ट यांत फरक काय उरला, असा प्रतिवाद विज्ञानप्रसारक करतील. दार्को सुविन यांनी 'मेटामॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन' (१९७९) या ग्रंथात या प्रकाराचे लक्षण 'ज्ञानात्मक अपरिचितीकरण' असे सांगितले. परिचित जगात एक नवे तत्त्व येते आणि तर्काच्या शिस्तीने ते सारे जग बदलते. हा तर्क कथेच्या आत सिद्ध व्हावा लागतो. सभागृहात लेखकाने दिलेल्या ग्वाहीने तो सिद्ध होत नाही. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने निर्दोष असलेली कादंबरी कादंबरी म्हणून निर्जीव असू शकते. उलट, ज्यातील विज्ञान पुढे कालबाह्य ठरले अशी वेल्सची कादंबरी आजही वाचकाला अस्वस्थ करते. विज्ञानाची अचूकता हे या प्रकाराचे एक मूल्य आहे. तेच अंतिम मूल्य मानले की समीक्षकाने आपले आसन वैज्ञानिकाला देऊन घरी जावे, एवढेच शिल्लक राहते.

लेखकाला बोलावूच नये असे येथे सुचवायचे नाही. लेखकाच्या उपस्थितीतही श्रोत्यांना समान हक्काने बोलता येते याचे उदाहरण शोधायला पॅरिसला जाण्याचे कारण नाही. या औद्योगिक पट्ट्याच्या एका अंगाला आळंदी आहे, दुसऱ्या अंगाला देहू. ज्ञानेश्वरीच्या संहितेतच श्रोते आहेत. वक्ता त्यांची विनवणी करतो, त्यांच्याकडून अवधान मागतो, मध्येच त्यांचे म्हणणे ऐकून प्रवाह बदलतो. ग्रंथकर्त्याने १२९६ साली समाधी घेतली, पण ग्रंथाची चर्चा थांबली नाही. पारायणात आणि कीर्तनात अर्थाचा वाद सात शतके चालू आहे, आणि तो मिटवायला कुणी लेखकाला बोलावलेले नाही. ज्या मातीत ही वाचनपरंपरा आहे तेथे विज्ञानकादंबरीच्या वाचकाने मात्र हात वर करून परवानगी मागावी, ही आपण लादलेली शिस्त आहे.

साहित्यसंस्थांचा इतिहासही येथे बोलका आहे. जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यंत्रांच्या नगरीत, पिंपरीत, भरले. तेव्हा अध्यक्षपदी विज्ञानलेखक नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. तेव्हा प्रकृतीमुळे ते उद्घाटनाच्या मंडपात येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. यंत्रमानवाची कादंबरी लिहिणारा लेखक आणि यंत्रमानवाशेजारी उभा राहणारा वाचक यांची मोठी, मोकळी भेट घडवण्याची जबाबदारी ज्या संस्थांची होती, त्यांनी ती ओळखली नाही. आता 'हे शक्य आहे का?' असे विचारायला तो लेखक नाही, आणि श्रद्धांजलीच्या लेखांत त्याचे साहित्य पुन्हा एकदा 'विज्ञान सोपे करून सांगणारे' या एका वाक्यात संपवले गेले, तर ती त्याच्या साहित्याची उपेक्षाच ठरेल.

करायचे काय, हे अवघड नाही. जे विज्ञानलेखक आज लिहीत आहेत त्यांना अवश्य बोलवावे. पण आधी वाचकांनी आपापसात बोलावे, लेखकाने ऐकावे, आणि त्याला बोलायचे झाल्यास एक जाणता वाचक म्हणून त्याने शेवटी बोलावे. अभ्यासमंडळांनी विज्ञानकादंबरीला 'विज्ञान आणि साहित्य' या पाहुण्यांच्या खोलीतून काढून कादंबरीच्या मुख्य दालनात आणावे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखादा प्रबंध तरी असा लिहावा, ज्यात चाकणच्या वाचकाचे म्हणणे परिशिष्टात नसेल, विवेचनाच्या गाभ्यात असेल. १९७४ साली एका लेखकाने आपले नाव झाकून ठेवले होते ते असे वाचन व्हावे म्हणून. जगतापांची संहिता अजूनही वाचकांची वाट पाहत आहे.