गोठायचं नाकारणारे द्रव

ग्लिसरीन खरं तर 18 अंश सेल्सिअसला गोठायला हवं. पण थंड करत नेलं तर ते सहसा द्रवच राहतं, दाट होत जातं आणि उणे 83 अंशांच्या आसपास त्याची काच बनते. गंमत अशी, की रेणूंची मांडणी जवळपास तीच राहते, हालचाल तेवढी थिजते.

ही हालचाल लेसरने मोजता येते. नमुन्यातून विखुरलेल्या प्रकाशात बारीक ठिपके लुकलुकतात. रेणू चपळ असले की लुकलुक जलद; ते अडकले की तोच ठिपका मिनिटभरही हलत नाही. सेकंदाच्या दशलक्षांशापासून शेकडो सेकंदांपर्यंतचा शिथिलन-काळ, म्हणजे रेणूंना आपली मांडणी बदलायला लागणारा वेळ, असा हाती येतो.

द्रव थंड होताना हा काळ एवढा का वाढतो, यावर आजही एकमत नाही. 1995 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी काचेचं कोडं घनपदार्थ-सिद्धांतातलं सर्वांत गहन म्हटलं होतं. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर हाती घ्यावं.