अलर्ट वाजेल, पण घर तयार आहे का?

२२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, अनेक गावांचा संपर्क तुटला. अशा वेळी घरातच थांबावं लागतं. सरकारचा सेल ब्रॉडकास्ट अलर्ट टॉवरवरून त्या भागातल्या फोनवर थेट येतो. इंटरनेट लागत नाही. पण लाईट गेली की आपला फोन संपतो, काही तासांनी टॉवरची बॅटरीही. मग अलर्ट येणार कुठून?

म्हणून पावसाळ्याआधीच सेटिंग्जमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू करा, आईबाबांच्या फोनमध्येही. ‘सचेत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ॲप घ्या. पॉवर बँक, टॉर्च, औषधं, सेलवरचा रेडिओ एका पिशवीत ठेवा, पिण्याचं पाणी भरून ठेवा. ११२ आणि १०७७ भिंतीवर लिहा. घरात पाणी शिरायला लागलं तर मात्र थांबू नका, उंचावर जा.