अन्वयार्थालाही तारीख असते

संतवाङ्मय शिकवताना 'संतांनी भूमी नांगरली म्हणून स्वराज्य उगवले' हे विधान वर्गावर्गांतून सिद्ध सत्यासारखे उच्चारले जाते. आमच्या मते तो एक अन्वयार्थ आहे, आणि त्याला तारीख आहे. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी तो ग्रंथरूपाने मांडला. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासाने मराठ्यांच्या उदयाला वैचारिक पाया नाकारला होता. त्याला हे उत्तर होते. प्रार्थना समाजाचे धुरीण असलेल्या रानड्यांना भक्तिपंथात युरोपातील धर्मसुधारणेचे प्रतिरूप दिसले. राजवाड्यांनी उलट वारकरी संतांना निवृत्तीचा दोष दिला आणि श्रेय रामदासांच्या महाराष्ट्रधर्माला दिले. त्याआधीच, १८६९ च्या पवाड्यात, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांना कुळवाड्यांचा राजा म्हणून पाहिले होते.

सतरावे शतक तेच. विचारणाऱ्यांचे प्रश्न निराळे. यावरून 'सगळेच सोयीचे लिहितात' असा निष्कर्ष काढणे हा निव्वळ आळस होय. प्रश्न काळ पुरवतो, पण उत्तर कागदपत्रांपुढे उभे करावे लागते. राजवाड्यांनी १८९८ पासून छापलेली साधने त्यांच्याच मतांविरुद्धही वापरता येतात, ही या शास्त्राची शिस्त.

अन्वयार्थ बदलतात याची आम्हांस खंत नाही. ते गोठतात याची आहे. तुकोबांचा अभंग स्वराज्याची पायरी म्हणूनच वाचला, तर त्यातली तगमग ऐकायची कोणी? 'संतांचे कार्य लिहा' असे विचारणाऱ्या प्राध्यापकांनी पुढे एवढे जोडावे: हे कोणी, केव्हा आणि कोणाला उत्तर म्हणून म्हटले?